राखेचा ठिपका

सुभद्रा गेली त्याला आता सहा महिने होतील. भेटायला येणारे म्हणतात, बाई देवमाणूस होती. मी चहा पुढं करतो. देवमाणूस वगैरे नव्हती ती. देवाला खोटं चालून जातं, वर एक नारळ फोडला की झालं. हिला चालत नव्हतं. अशा बाईसोबत मी पन्नासच्या वर वर्षं काढली, आणि त्यातली चाळीस एका खोट्यावर बसून काढली. तेच सांगायचं आहे. पण आधी ती कशी होती ते सांगतो, नाहीतर माझं खोटं केवढं होतं ते कोणाला समजणार नाही.

तिचं माहेर पांढुर्ण्याचं, सासर सौंसरचं. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. मीही तेव्हा अंगठाबहाद्दर, कचेरीत चपराशी. लिहायला-वाचायला मी पस्तिशी उलटल्यावर शिकलो. का शिकलो ते पुढं येईल.

अंगानं बुटकी, पदर कमरेला खोचलेला, आणि उजव्या हाताची चिमूट कायम पांढरी. रांगोळीनं. सकाळी दारापुढं सडा घातला की ठिपके, आणि ठिपक्यांवरून रेघ. ते तर सगळ्याच बाया करतात. हिचं वेगळं होतं. कोणी लांबण लावून काही सांगायला लागलं की ही हात आडवा करायची आणि म्हणायची, "थांबा. मांडू द्या." मग बसल्या जागी, अंगणात, ओट्यावर, एकदा तर लग्नाच्या मांडवात, ठिपके टाकायला सुरुवात.

तिची मांडणी साधी होती. आडवी ओळ म्हणजे वेळ. वरची ओळ सकाळ, खालची दुपार, त्याखाली सांज. उभी ओळ म्हणजे जागा. ही विहीर, हा बाजार, हे देऊळ, हे घर. मग प्रत्येक माणसाची एक रेघ, त्याच्या त्याच्या रंगाची. सकाळी तो कुठं होता, तिथून दुपारी कुठं गेला, सांजेला कुठं पोचला, तशी रेघ वरून खाली उतरायची. एका आडव्या ओळीत माणसाला एकच ठिपका. दोन ठिपक्यांवर त्याची रेघ बसली की समजायचं, खोटं. आणि दोन माणसं एका ठिपक्यावर आली आणि एकमेकांना दिसलीच नाहीत म्हणत असली, तरी खोटं.

"तोंडाले लगाम नसते," ती म्हणायची, "ठिपक्याले जागा असते."

रंगही ठरलेले. शंकर शिंप्याला हळद. समोरच्या गोदामावशीला गेरू. आल्यागेल्याला कोळशाची पूड, नाहीतर कुंकू. मला राख. मी एकदा विचारलं, "मलेच राख काऊन?"

"चुलीत फुकट भेटते. घरच्या माणसाले काय हळद लावू आता?"

गोदामावशीच्या पोरीची सोयरीक आली तेव्हाची गोष्ट. मोहगावकडचा एक मध्यस्थ आला होता. डोक्याला रुमाल, तोंडात पान, बोलणं असं की पोरगा नाही, राजा विकून राहिला आहे. घरची शेती, संत्र्याची बाग, सासू गरीब गाय, सासरा नाही, पुराच्या साली वारला बिचारा. चहा झाला. मग घरातल्या माणसांची गोष्ट निघाली, लहान नणंद आठ वर्षांची आहे, लई लाडाची. सगळ्या बाया माना हलवून राहिल्या. सुभद्रा ओट्यावर ठिपके टाकून राहिली. त्या दिवशी आडव्या ओळी तिनं सालांच्या घेतल्या होत्या.

"भाऊ," ती म्हणाली, "पूर कवाचा तो? मावशीची भिंत पडली होती, तोच न?"

"तोच बाई, तोच. भयंकर पूर."

"त्याले बारा साल झाले."

"झाले असन."

"बाप बारा साल झाले मेला. पोट्टी आठ वर्षाची." तिनं बोटानं दाखवलं. "मंग हे मधले चार साल कोणाचे?"

मध्यस्थाला चहाचा ठसका लागला. गोदामावशीनं पाठीवर थापटलं, पण प्रेमानं नाही. मग निघालं ते असं, की बाप चांगला जिवंत होता. बैतूलकडं दुसरं घर करून राहत होता आणि मधूनमधून पहिल्या घरी येऊन जात होता. बदनामी नको म्हणून घरच्यांनीच त्याला पुरात वाहवला होता.

"अवं माय!" गोदामावशी कपाळाला हात लावून म्हणाली. "मेलेला माणूस सणाले जेवून जात होता!"

सगळ्यांना वाटलं आता सोयरीक मोडली. सुभद्रा म्हणाली, "पोराचं काय त्यात? पोरगं बरं असन. पण पह्यले बाप दाखवा, मंग हळद लावा." आणि तसंच झालं. बाप आला, मांडवात बसला, पाय धुवून घेतले. पोरीचं चांगलं झालं तिथं. म्हणजे हिला माणसं पकडायची हौस नव्हती, हे सांगायचं आहे. जे आहे ते मांडा, मग ठरवा, एवढंच तिचं होतं.

माझ्यावरही चालायचं हे. एकदा मी कचेरीत जास्तीचं काम आहे सांगून दंडार पाहायला गेलो. आमच्याकडं गडी बायांचं सोंग घेऊन नाचतात, ती दंडार. घरी आलो तर हिनं पाणी दिलं आणि विचारलं, साहेब होते काय कचेरीत? होते म्हटलं. चपला कुठं काढल्या? दाराशी म्हटलं. "मंग कचेरीच्या दाराशी गुलाल कोण सांडला?" चपलेवर गुलाल होता. ती हसली, मीही हसलो. तेव्हा तिच्यापुढं सापडायला काही वाटत नव्हतं.

पण हसण्यावारी न्यायचं नाही असंही तिनं एकदा केलं. इंग्रज गेला त्या साली. कचेरीवर नवा झेंडा चढला, आम्हा चपराशांना पेढा मिळाला, आणि पेढ्याची चव जिभेवर आहे तोवर उत्तरेकडच्या वाईट बातम्या येऊ लागल्या. मग एक बातमी आमच्या गल्लीतच आली. लोधीखेड्याच्या विहिरीत कोणीतरी काहीतरी टाकलं, माणसं मेली. आमच्याकडं दर थंडीत एक पिंजारी यायचा, गाद्यांचा कापूस पिंजायला. मुसलमान. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. तो आदल्याच दिवशी लोधीखेड्याहून आला होता. धर्मशाळेत उतरला होता.

मारुतीच्या देवळापुढं माणसं जमली. हातात काठ्या. माझ्याही हातात होती, खोटं कशाला सांगू. कोणी काही ठरवलं नव्हतं, पण पाय धर्मशाळेकडं वळले होते.

सुभद्रा घरातून आली आणि रस्त्याच्या मधोमध बसली. मला वाटलं रडायला बसली. तिनं ठिपका टाकला.

"किती जण सांगते हे?"

"तिघं सांगते, वहिनी!" शंकर शिंपी ओरडला. "एक नाई, तिघं!"

"बरं. मंग एकेक सांगा. शंकरभाऊ, तुमाले कोण सांगितलं?"

"तेलिणीनं."

तेलीण तिथंच होती. तिला कासारणीनं सांगितलं होतं, बांगड्या भरताना. कासारणीला बोलावून आणलं. तिला गोदामावशीनं सांगितलं होतं. सुभद्रा ठिपक्यावरून ठिपक्यावर रेघ नेऊन राहिली, आणि काठ्यांची माणसं वाकून पाहून राहिली.

"मावशी, तुले कोण सांगितलं?"

गोदामावशी शंकर शिंप्याकडं बोट करून म्हणाली, "मले तर याच्याच घरून समजलं. याची बायको म्हणे, आमचे हे सांगत होते."

रेघ फिरून शंकर शिंप्याच्या हळदीवर आली आणि तिथंच थांबली.

"पाहा," सुभद्रा म्हणाली. "तिघं नाई. एकबी नाई. विहिरीवर कोणीच गेलं नाई. हे आपल्याच गल्लीत फिरून राहिलं, घाण्याच्या बैलासारखं."

शंकर शिंपी म्हणाला, "मी तर असंच म्हटलं होतं, की आजकाल असं होऊन राहिलं म्हणतात..." आणि त्यानं काठी देवळाच्या भिंतीला टेकवली. मग मीही टेकवली. दुसऱ्या दिवशी पिंजारी चाचा धनुकली खांद्यावर घेऊन आला, आमच्या दोन गाद्या पिंजल्या, आणि सुभद्राला म्हणाला, बेटी, कापूस जुना झाला. त्याला काही माहीत नव्हतं. तिनंही कधी सांगितलं नाही.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी बन्सी मास्तर आमच्या गल्लीत राहायला आला. नर्मदेकडचा, बोलणं हिंदी, शाळेत हिंदी शिकवायला पाठवलेला. एकटा माणूस. स्वतःच्या हातानं स्वयंपाक करायचा आणि रोज डाळ लावायची विसरायचा नाही, पण मीठ विसरायचा. सुभद्राकडं वाटी घेऊन यायचा. "भाभी, नमक."

एकदा आला तेव्हा हिची मांडणी चालू होती. कोणाची तरी शेळी हरवली होती. मास्तर वाटी हातात घेऊन तसाच उकिडवा बसला. शेळी सापडेपर्यंत उठला नाही. मग म्हणाला, "भाभी, ये तो बडी चीज है. किसने सिखाया?"

"कोण शिकवन बाप्पा? ठिपके तर सगळ्याईलेच येते."

मास्तरनं ते शाळेत नेलं. फळ्यावर खडूनं ठिपके काढून पोरांना गोष्ट सांगायचा आणि विचारायचा, बोलो, कौन झूठ बोला? पोरं घरी येऊन सांगायची, आज मास्तरांनी सुभद्राकाकूची जाळी शिकवली. ती ऐकायची आणि चुलीत फुंकर मारायची, पण कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. जन्मात तिला कोणी कशाला शाबासकी दिली नव्हती. मीही नाही.

मग राज्यं नवी आखायची गोष्ट आली. तोवर नागपूर आमची राजधानी. सकाळी बसमध्ये बसलं की दुपारी पोचतो. रोटीबेटी सगळी तिकडं. आता म्हणे नागपूर तिकडं जाणार, मराठीच्या राज्यात, आणि सौंसर-पांढुर्णा इकडं राहणार, हिंदीच्या राज्यात. गल्लीत सगळ्यांनी ठरवलं, अर्ज करू. आम्हाला तिकडं घ्या. शंकर शिंपी पुढारी झाला. बन्सी मास्तर म्हणाला, मैं बाहर का आदमी, मेरा नाम ठीक नहीं, लेकिन कागद पर लकीरें खींच देता हूँ. त्यानं पानं आखून दिली. ज्याला येत होतं त्यानं सही केली, बाकीच्यांची नावं दुसऱ्यानं लिहिली आणि पुढं अंगठा. मीही केला. ढोल वाजून राहिला होता, सगळे करून राहिले होते, मीही निळा अंगठा दाबला आणि घरी येऊन सुभद्राला दाखवला.

आठ दिवसांनी कचेरीत पाणी देताना कानावर पडलं. सरकारी नोकरानं असल्या कागदावर नाव दिलं तर नोकरी जाते. कोण बोललं, कोणाला बोललं, खरं की खोटं, मी विचारलं नाही. सुभद्रानं विचारलं असतं. मांडलं असतं. मी घाबरलो. कागदांचं बाड शिंप्याच्या मशीनखालच्या पेटीत होतं आणि दुसऱ्या दिवशी नागपूरला जाणार होतं.

त्या दिवशी बाजार होता. तिसऱ्या प्रहरी शंकर शिंपी बटणं आणायला बाजारात गेला, दुकान उघडंच. सुभद्राही बाजारात. मी टपालाचं निमित्त करून कचेरीतून निघालो, बाड काढलं, धोतरात घातलं आणि घरी न्हाणीत जाऊन बसलो. माझ्या मनात एवढंच होतं, की माझं पान काढायचं आणि बाकीचं गुपचूप परत ठेवायचं. देवाशप्पथ एवढंच.

पण मला वाचता येत नव्हतं. पानंच्या पानं, पानापानावर नावं, नावापुढं निळे अंगठे. माझं नाव कोणतं? मग मी माझा अंगठा एकेका ठशावर ठेवून पाहिला. प्रत्येक ठसा माझाच वाटायला लागला. अंगठे सगळे सारखे असतात, हे मला त्या दिवशी समजलं. बाहेर बाजारातून लोक परतायचा आवाज आला. मी न्हाणीची चूल पेटवली आणि सगळं बाड आत घातलं. साऱ्या गल्लीचं.

सुभद्रा आली. न्हाणीची चूल गरम. "दुपारी काऊन पेटवली?"

"न्हालो. कचेरीत शाई सांडली अंगावर."

"लाकडं काय झाडावर लागते?" म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोभाटा झाला. बाड नाही. नाव लगेच ठरलं, कारण ते सगळ्यात सोपं होतं. बन्सी मास्तर. हिंदीवाला. काल शिवायला कुरता टाकायला तोच दुकानात आला होता. त्यानंच पानं आखली, कागद कुठं आहे ते त्याला ठाऊक. कोणी म्हणालं, पेटी फोडा त्याची. कोणी म्हणालं, माणूसच फोडा. शंकर शिंप्यानं मास्तरची कॉलर धरली. मास्तरचा चष्मा खाली पडला. तो उचलून त्यानं पुसला आणि आमच्या अंगणाकडं पाहून म्हणाला, "भाभी से पूछ लो. भाभी, तुम जाळी बनाओ. मैं छूट जाऊँगा."

असं म्हणाला तो. माझ्या कानात ते अजून आहे.

सुभद्रा खाली बसली. सगळी गल्ली भोवती. मी चपराशाचा पट्टा लावून कचेरीत जायच्या तयारीत, दाराच्या चौकटीला टेकून उभा.

आडव्या तीन ओळी, जेवणवेळ, तिसरा प्रहर, दिवेलागण. उभ्या पाच, दुकान, शाळा, बाजार, कचेरी, घर. "शंकरभाऊ, तुमी जेवून आले तेव्हा बाड होतं?" होतं, त्यानं दोऱ्याचं रीळ काढताना पाहिलं होतं. "मास्तर कुरता टाकून गेले ते जेवणाच्या पह्यले?" हो. "मावशी, तू पाह्यलं त्याईले?" गोदामावशीनं पाहिलं होतं, रिकाम्या हातानं शाळेकडं जाताना. "अन् तिसऱ्या प्रहरी?" पोरं ओरडली, मास्तर शाळेतच, घंटा होईपर्यंत. कुंकवाची रेघ शाळेच्या ठिपक्यावर बसली. मास्तर सुटला. सगळ्यांना दिसलं. शंकर शिंप्याचा हात खाली आला.

"मंग नेलं कोण?" तो म्हणाला.

"मांडू द्या न." ती एकेकाला विचारत गेली. तिसऱ्या प्रहरी कोण कुठं. हळद बाजारात. गेरूही बाजारात. स्वतःचा ठिपका तिनं बाजारात टाकला. मग रिवाजाप्रमाणं, कोणालाही सोडायचं नाही म्हणून, चुलीतली राख चिमटीत घेतली आणि वर न पाहता विचारलं, "तुमी?"

मी म्हणालो, "कचेरीत. दिवसभर."

तिचा हात कचेरीच्या ठिपक्याकडं गेला आणि मधेच थांबला. त्याच ओळीत, शेवटी, घराचा ठिपका होता. त्याच्यावर कोणाचीच रेघ नव्हती, आणि काल त्या वेळी तिथं चूल गरम होती. तिनं मान वर केली. माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. डाळीत खडा सापडला तर पाहतात, तेवढाच वेळ.

मी एक शब्द बोललो असतो तर झालं असतं. मी पट्टा नीट केला.

मग तिनं तळहातानं सगळं पुसलं. हळद, गेरू, कुंकू, सगळं एक झालं. "नाई जुळत," ती म्हणाली. "माह्यं चुकलं."

"चुकलं म्हणजे? मास्तर सुटला होता न?" गोदामावशी म्हणाली.

"माह्यं चुकलं म्हटलं न, मावशी. ठिपके चुकले."

तिचं कधी चुकलं नव्हतं. त्यामुळं लोकांनी त्याचा अर्थ त्यांना हवा तसा घेतला. म्हणाले, मास्तर मीठ मागायला येतो, तिला त्याची दया आली, रेघ फिरून त्याच्यावरच येत होती म्हणून पुसलं. शंकर शिंप्यानं पुन्हा कॉलर धरली नाही, पण त्या दिवसापासून मास्तरला गल्लीत कोणी पाणी दिलं नाही. पोरांना त्याच्या वर्गातून काढलं. नवे अंगठे कोणी द्यायला तयार नव्हतं, एकदा धोका झाला म्हणून. पुढं नागपूर तिकडं गेलं आणि आम्ही इकडं राहिलो. आमच्या बाडानं राज्याची रेघ हलली असती असं मला वाटत नाही. एवढा मी मोठा नाही. पण मास्तर माझ्यामुळं हलला, ते मांडायला ठिपके लागत नाहीत.

घरात आल्यावर ती ओरडली नाही. विचारलं, "पोटासाठी केलं?" मी सगळं सांगितलं, अंगठे सारखेच दिसत होते तेही. ती म्हणाली, "जाऊन सांगा. शंकरभाऊले सांगा, मास्तरले सांगा. मी येतो सोबत." ती माझ्याशी बोलताना कधीकधी बाप्यासारखं बोलायची.

मी म्हणालो, "उद्या."

चार दिवसांनी मास्तर पत्र्याची पेटी घेऊन छिंदवाड्याच्या बसमध्ये बसला. शिवायला टाकलेला कुरता न घेता. जायच्या आधी वाटी परत द्यायला आला. सुभद्रानं वाटी घेतली आणि त्याच्या पाया पडायला वाकली. तो मागं सरकला, "अरे भाभी, ये क्या." मी आतून पाहत होतो.

त्यानंतर तिनं माणसांची मांडणी केली नाही. सकाळची रांगोळी काढायची, कमळ, कासव, बायकांची असते तशी. कोणी भांडण घेऊन आलं तर म्हणायची, माह्यं चुकते आता. लोक यायचे बंद झाले. अशा बाईला मी तिच्याच तोंडानं माह्यं चुकलं म्हणायला लावलं, आणि तिनं ते जन्मभर निभावलं.

मी अक्षरं शिकायला लागलो. कचेरीतल्या पाकिटांवरून, एकेक. पहिलं काय शिकलो तर माझं नाव.

सहा-सात वर्षांनी मास्तरचं कार्ड आलं. हिंदीत. तोवर मला वाचता येत होतं. सुभद्रा तांदूळ निवडून राहिली होती. मी वाचलं, भाभीला प्रणाम, नवीन शाळा चांगली आहे, मुलांना तुमची जाळी शिकवतो, डाळीत मीठ अजून विसरतो. आणि कार्ड घडी करायला लागलो.

"अजून काय लिहिलं?"

"बस, इतकंच."

"ओळी तर सात दिसून राहिल्या. तुमी चारच वाचल्या."

तिला अक्षर येत नव्हतं. ओळी येत होत्या. मी उरलेलं वाचलं. लिहिलं होतं, भाभी, त्या दिवशी तुमचा हात कुठं थांबला ते मी पाहिलं होतं. मनाला लावून घेऊ नका. घर राखावं लागतं.

तिनं सूप खाली ठेवलं. "उत्तर लिहा," ती म्हणाली. "आता येते न तुमाले लिहिता. तुमच्या हातानं लिहा."

मी म्हणालो, "उद्या लिहितो."

आता लिहून राहिलो. मास्तर कुठं आहे, आहे की नाही, मला माहीत नाही. शंकर शिंपी गेला, गोदामावशी गेली. त्यांच्या नातवंडांनी वाचावं. बाड मी जाळलं. बन्सी मास्तर निर्दोष होता. सुभद्राचं चुकलं नव्हतं.

शेवटी शेवटी तिची खाट आम्ही ओट्यावर टाकली होती, ऊन लागावं म्हणून. जायच्या दोन दिवस आधी, सकाळी, तिनं मला रांगोळीचा डबा आणायला सांगितला. हात उचलत नव्हता तिचा. म्हणाली, "तुमी टाका. तीन आडव्या, पाच उभ्या." मी खाटेशेजारी बसून टाकले. वाकडेतिकडे पडले. "हळद बाजारात," ती म्हणाली. "गेरू बाजारात. मीबी बाजारात. कुंकू शाळेत." ती सांगत गेली, मी टाकत गेलो. चाळीस वर्षांनी तिला एकेक ठिपका पाठ होता.

मग ती थांबली. मला वाटलं दम लागला.

"राख आणा," ती म्हणाली.

चूल दहा पावलांवर होती. मी ठिपके पाहिले, तिच्याकडं पाहिलं नाही. म्हणालो, "झाले की सगळे. आता पडा जरा."

तिनं जमिनीकडं पाहिलं. घराचा ठिपका रिकामा होता. मग म्हणाली, "बरं," आणि भिंतीकडं तोंड करून वळली. हात तेवढा खाटेबाहेर राहिला होता, आणि अंगठा बोटावर हळूहळू घासून राहिली होती, चिमटीतून काही सोडावं तशी.